वयनीचं डोकं आणि पितळेचा गुंड

कोणी वाद घालायला लागलं की वयनी आधी हातातला सराटा, म्हणजे उलथणं, खाली ठेवायची. मग उजव्या हाताचं बोट वाकवून, कपाळावर जिथून केस सुरू होतात तिथं टकटक करायची आणि विचारायची, "आयकू येऊन राहिलं का? पितळेचा गुंड पोचला, हे नाही पोचलं. तू कायले जिद्द करून राहिला माह्यासंगं?"

समोरचा वाद सोडून द्यायचा. पितळेला हरवलेल्या डोक्याशी कोण भांडणार?

तिचं खरं नाव मला माहीत आहे, पण सांगून उपयोग नाही. लाखांदुरात त्या नावानं विचारलंत तर कोणी घर दाखवणार नाही. तिचा धाकटा दीर चौकातूनच "वयनीऽऽ" अशी हाक मारायचा, ती ऐकून भाजीवाले तिला वयनी म्हणू लागले, मग बँकेतले, मग मीही. तिच्याहून वयानं मोठे असलेले सरपंचसुद्धा तिला वयनी म्हणतात आणि जरा लांबूनच म्हणतात.

माझे यजमान मंडप-डेकोरेशन करतात आणि मी लग्नाच्या स्वयंपाकाचे ठेके घेते. वयनी माझी मुख्य आचारी. तुम्ही कुठल्याही मोठ्या स्वयंपाकाच्या मागच्या बाजूला डोकावला असाल, तर तिच्यासारखी एखादी पाहिली असेल. पदर कमरेला, आवाज मंडपाबाहेर, आणि नवरदेवाचा मामा असो की बँडवाला, भट्टीपाशी आला की सर्वांना एकच भाव. "ताट घेऊन इथं कायले आला गा? पंगत तिकडं हाय. का इथंच भट्टीत बसवू?" मामा हसत परत जायचे. तिच्या शिव्यांचा राग कोणाला आलेला मी पाहिला नाही. उलट एका घरच्यांनी मला विचारलं होतं, "बाई, शिव्या देणारी येणार ना? का दुसरी पाठवता?"

ती स्वयंपाक जिभेनं नाही, नाकानं करायची. भात चाळीस हातांवर शिजत असला तरी इकडून ओरडायची, "भैताडा, तळाले लागून राहिला तो!" हळद कच्ची राहिली, तेल जुनं आहे, सांबार कालचा चिरलेला आहे, सगळं नाकानं. बाहेरगावच्या एका पाहुण्यानं "सांबार आहे म्हणता, मग इडल्या कुठं आहेत?" असं विचारलं, तेव्हा तिनं आमच्याकडच्या सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, अख्खी जुडी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "घे. खा आता इडलीसंगं."

आता गुंडाचं सांगते.

गुंड म्हणजे पाणी भरायचा पितळेचा मोठा घडा. भंडाऱ्याकडच्या लग्नात आंदणाला पितळ हवंच. वयनीच्या वडिलांनी तलावातले शिंगाडे विकून लेकीला एक गुंड घेतला होता. वरात सासरी आली. ट्रॉलीवरून भांडी एकेक करून खाली द्यायची, खालच्यानं घ्यायची, बायांनी पाहून वाखाणायची, अशी रीत. ट्रॉलीवर चढला होता धाकटा दीर. नवा सदरा, मिसरूड फुटलेलं, आणि सगळ्या गावच्या मुली समोर उभ्या. त्यानं भांडी देण्याऐवजी हवेत सोडायला सुरुवात केली.

यापुढे दोन गोष्टी आहेत. वयनी म्हणायची, "भाऊजीनं फेकला." दीर म्हणायचा, "म्या फेकला नाही, सोडला. खाली मामा उभा होता. मामानं झेलाले पाहिजे होतं. मामा खर्रा घोटून राहिला होता, त्यात माही काय चुकी? अन् तू धावली कायले वयनी? नवी नवरी कुठं धावते का?"

"माह्या बापाचा गुंड मातीत पडून राहिला, अन् मी पदर धरून पाहत बसू?"

तर नवरी धावली, आणि गुंड तिनं झेलला तो डोक्यानं. ती पडली ती बराच वेळ उठलीच नाही. सासूनं आधी गुंड उचलून फिरवून पाहिला, मग सुनेला. नंतर टाके पडले, दिवसभर ओकाऱ्या झाल्या, आणि मग ती उठून चुलीपाशी बसली. गुंडाला तळहात मावेल एवढा पोचा आला होता. तिच्या डोक्यावर बोट टेकेल एवढीच खोबण. जिंकली तीच, असं तिनं तेव्हाच ठरवून टाकलं.

पुढं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, तिचा नवरा वारला, मुलगी सिहोऱ्याला दिली, आणि ती लाखांदूरला येऊन माझ्याकडे लागली. दीर पुनर्वसनाच्या गावात राहिला. धरणात मासे धरतो, थोडी धानाची बांधी आहे. वाटणीच्या वेळी गुंड तिनं त्यालाच दिला. "हा तुमचा गुन्हा हाय भाऊजी. तुमीच सांभाळा." दर बाजारच्या दिवशी तो तिच्यासाठी मासे घेऊन एसटीनं यायचा. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, हातात पिशवी. ती पिशवी घ्यायची आणि खर्ऱ्यावरून त्याला झोडपायची. झोडपून झालं की तो समाधानानं परत जायचा. लग्न त्यानं केलंच नाही. "वयनीच्या शिव्या ऐकून दुसरी बाई घरात आणाची हिंमत झाली नाही," असं तो सांगायचा.

मागच्या लग्नसराईत वयनी गोड झाली.

मला ते लगेच कळलं नाही, कारण मीच खूश होते. भट्टीपाशी एक म्हातारा बिडी पेटवायला आला, तर वयनी म्हणाली, "बाबाजी, थोडं सरकता का?" बाबाजी घाबरून मंडपाबाहेर गेले. पाणी वाढणाऱ्याला ती "राहू दे बेटा" म्हणाली. लोक म्हणू लागले, वयनी सुधारली. कोणी म्हणालं सत्संगाला जाते, कोणी म्हणालं वय झालं. दीर मात्र बाजारच्या दिवशी माझ्याकडे आला. तोंड उतरलेलं.

"बाई, वयनी माह्यावर नाराज हाय का?"

"काहून?"

"मासे सडके निघाले. गाडी पवनीले बंद पडली होती, ऊन लागलं. म्या म्हटलं आता काही खरं नाही. तर तिनं म्हटलं, 'असू द्या भाऊजी, तुमी आणले हेच खूप.'" त्याचे डोळे भरले होते. "असं कोणी बोलते का बाई आपल्या माणसाले?"

मी त्याला हसले. त्याच आठवड्यात एका लग्नात कढीच्या फोडणीतला लसूण काळा कोळसा झाला. धुरानं मंडपातली माणसं खोकत होती आणि वयनी कढईवर वाकून शांतपणे सराटा फिरवत होती.

"अवो वयनी! जळलं ना ते!"

"हो का?" ती म्हणाली. "मले तर काही वास नाही आला."

मी हिंगाची डबी उघडून तिच्या नाकाला लावली. काही नाही. मग चिरलेला कांदा. डोळ्यांतून पाणी आलं, पण नाकाला पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला गावातल्या डॉक्टरकडे बसवलं. त्यांनी डोकं दुखतं का विचारलं. ती म्हणाली, "दुखते, पण चालते." त्यांनी भंडाऱ्याला पाठवून डोक्याचा सीटीचा फोटो काढायला लावला. फोटोत कपाळाच्या मागं, नाकाच्या वरच्या बाजूला गाठ दिसली. लिंबाएवढी. हळूहळू वाढणारी, बहुतेक साधी, पण मेंदूवर दाब देणारी. नागपूरला जाऊन काढून टाका, म्हणाले.

मी दिराला फोन केला. त्यानं एकच विचारलं, "कुठंशी हाय?"

"पुढं. कपाळाच्या मागं."

फोन बंद झाला. त्या बाजाराला तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

वयनीला कशाचंच काही नव्हतं. "कायले कापाकापी बाई? हाय तसं चांगलं हाय," म्हणायची आणि गोड हसायची. मुलीचे दिवस भरत आले होते, तिला सिहोऱ्याहून हलता येत नव्हतं. तेव्हा मीच वयनीला नागपूरच्या गाडीत बसवलं. पवनीच्या स्टँडवर गाडी थांबली आणि दीर चढला. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली, आणि दोन्ही हातांत उराशी धरलेलं एक पोतं.

कंडक्टरनं पोत्यावर बोटांनी ठोकून पाहिलं. ठण्ण वाजलं. "का हाय यात?"

"पुरावा," दीर म्हणाला.

"पुराव्याले सामानाचं तिकीट लागते."

पोत्यात गुंड होता. डॉक्टरला दाखवायला त्यानं आणला होता. कशानं मार लागला ते पाहिल्याशिवाय डॉक्टर इलाज कसा करणार, असा त्याचा हिशेब. उमरेडपर्यंत सगळ्या गाडीला हकीकत कळली. एक आजीबाई पोच्यात हात फिरवून "बापा बापा" म्हणाल्या. मागच्या सीटवरचा एक मास्तर म्हणाला की एवढ्या उंचीवरून एवढं वजन, म्हणजे तुमच्यावर केसच झाली पाहिजे होती. दिरानं मान हलवली, जणू तो त्यासाठीच चालला होता. वयनी खिडकीतून बाहेर पाहत होती. "किती छान धान हाय नाही?" म्हणाली. बाहेर धान नव्हतं, कापसाच्या पऱ्हाट्या होत्या.

दवाखान्याच्या दारावर वॉचमननं पोतं अडवलं. मी त्याला सांगितलं की हे पेशंटचं सामान आहे. खोटं नव्हतं.

डॉक्टर तरुण होते आणि घाईत होते, पण दिरानं टेबलावर गुंड ठेवला तेव्हा ते खुर्चीत मागं टेकले.

"साहेब, यानंच गाठ झाली ना? म्या टाकला होता. या हातानं."

मला वाटलं होतं, डॉक्टर हसून "छे छे" म्हणतील आणि विषय संपेल. त्यांनी गुंड उचलून पाहिला, वयनीच्या डोक्यावरची खोबण बोटानं चाचपली आणि खरं काय ते सांगितलं. डोक्याला जोराचा मार लागला तर पुढं कित्येक वर्षांनी अशी गाठ होऊ शकते का, हे लोक शोधतायत. काही ठिकाणी संबंध दिसतो, काही ठिकाणी दिसत नाही. मार लागलेल्यांपैकी बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. कधीच मार न लागलेल्यांना गाठ होते, आणि या जातीची गाठ बायकांमध्ये तशीही जास्त दिसते. खोबण आणि गाठ जवळजवळ आहेत, पण जवळ असणं म्हणजे कारण असणं नाही.

"म्हणजे हो का नाही?" दिरानं विचारलं.

"यांच्या बाबतीत मी हो म्हणू शकत नाही आणि नाहीही म्हणू शकत नाही."

दीर खचला. तुम्हीच सांगा, फाशी झाली तर माणूस मान पुढं करतो, सुटका झाली तर घरी जातो. याला कोणी काहीच देत नव्हतं. तो हुंदके द्यायला लागला. तेव्हा वयनीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ द्या ना भाऊजी. देवाची मर्जी. तुमी लई चांगले हा."

झालं. तो मोठ्यानं रडायला लागला. "पाहा साहेब! पाहा! शिव्या नाही देऊन राहिली!"

डॉक्टरांचं पेन थांबलं. "आधी द्यायच्या?"

"दिवसभर," मी म्हटलं.

"कधीपासून बंद झाल्या?"

"लग्नसराई सुरू झाली तेव्हापासून."

डॉक्टरांनी गुंड टेबलाच्या कडेला सरकवला आणि पहिल्यांदा नीट लिहायला घेतलं. ही गाठ जिथं दाबते आहे, तिथं माणसाचा स्वभाव असतो, म्हणाले. वासाची शीर तर त्याखालीच. गोड बोलणं हा गुण नव्हता, लक्षण होतं. गावातल्या एवढ्या लोकांनी वयनी सुधारली म्हणून आनंद केला, आणि एकटा दीर रडत होता. का ते त्यालाही माहीत नव्हतं, पण रडणं त्याचंच बरोबर होतं.

ऑपरेशन ठरलं, पण सही अडली. वयनी म्हणायची, तुमी म्हणाल तसं. सिस्टर म्हणाली, नातेवाईकाचीही लागेल. दीर हात मागं घेऊन उभा. "एकदा या हातानं झालं. पुन्हा याच हातानं नाही करणार."

मी त्याला व्हरांड्यात नेलं. "भाऊ, सही नाही केली तर ती अशीच गोड गोड बोलत जाईल. चालेल?"

तो आत गेला आणि त्यानं डाव्या हातानं सही केली. खेकडा चालून गेल्यासारखी. सिस्टर म्हणाली, ही आधारकार्डाशी जुळत नाही. दीर म्हणाला, "म्याडम, उजवा हात गुन्हेगार हाय, हा साफ हाय." सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, घ्या, मी साक्षीदार आहे. त्यांनी घेतली.

ऑपरेशन नीट झालं. गाठ पूर्ण निघाली आणि साधीच निघाली. पण आमचं काम संपलं नव्हतं. वयनी शुद्धीवर आली, तिनं आम्हाला ओळखलं, बोटं हलवली, आणि सिस्टरला म्हणाली, "थँक्यू बेटा." दिराचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी तिनं सफाईवालीला आशीर्वाद दिला. त्याच्या पुढच्या दिवशी बेचव खिचडी खाऊन "छान हाय" म्हणाली. ती खिचडी मी चाखली होती, म्हणून मलाही काळजी वाटायला लागली. डॉक्टर म्हणाले, सूज उतरायला वेळ लागतो. दीर जेवेना. खर्रा तेवढा चालू.

मग एका सकाळी तो तिच्या खाटेशी वाकून विचारत होता, "वयनी, पानी पायजे का?" आणि खाटेवरून आवाज आला.

"आधी तोंडातला तो खर्रा थुका! दवाखाना हाय का पानठेला, भैताडा?"

दीर व्हरांड्यात धावत सुटला. "शिवी देल्ली! वयनीनं शिवी देल्ली!" ज्यांना तो ओळखतही नव्हता त्यांच्या हातात हात घालून तो नाचला. एका पेशंटच्या बापानं, काय झालं ते न कळता, त्याचं अभिनंदन केलं. तो खाली जाऊन पेढे घेऊन आला. वॉचमननं विचारलं, मुलगा का मुलगी? दीर म्हणाला, "शिवी." आत वयनी विचारत होती, "बाई, हा माणूस नाचून कायले राहिला? अन् खिचडीत मीठ कोणं टाकलं नाही? हात मोडला का त्याचा?" मी सिस्टरची माफी मागितली. माझा चेहरा मात्र माफी मागण्यासारखा नव्हता.

घरी आल्यावर डोक्याला फडकं बांधून ती ओसरीवर बसली आणि तिनं दिराला समोर बसवलं. मी चहा करत होते, सगळं ऐकलं.

"डाक्टर म्हणते, झालं असन बी, नसन बी. बरोबर?"

"हाव."

"म्हणजे सोळा आण्यांतले आठच आणे गुंडाचे. त्यातले चार माहे, कारण धावली मी. राहिले चार आणे, ते तुमचे. कबूल?"

"कबूल वयनी," तो इतक्या आनंदानं म्हणाला की कोणी त्याला वावर लिहून दिलं असं वाटावं. इतके दिवस कोणी त्याला ना दोषी ठरवलं होतं ना निर्दोष. आता हातात काहीतरी पडलं होतं. "शिक्षा सांग."

"वास येत नाही मले. डाक्टर म्हणते, आता येणार बी नाही. तर माह्या नाकाची नोकरी तुमी कराची. अन् तोंडात खर्रा असला की नाक काम करत नाही, हे तुमाले माहीत हाय."

खर्रा सोडण्यापेक्षा त्याला जेल परवडली असती. शेवटी त्यानं खिशातली पुडी काढून तिच्यासमोर ठेवली. ती म्हणाली, "दुसऱ्या खिशातली बी."

तुम्हाला वाटेल, दोघं माझ्याकडे कामाला आले. नाही आले. पवनीकडे त्यांनी स्वतःचेच ठेके घ्यायला सुरुवात केली आणि माझी दोन चांगली घरं नेली. मला राग आला होता, अजूनही थोडा आहे. लाखांदुरातल्या माझ्या भट्टीपाशी आता शांतता असते. पंगतीला बसलेली माणसं मागं वळून पाहतात, काहीतरी चुकल्यासारखी, आणि मग मुकाट जेवतात.

यंदा एका नातलगाच्या लग्नाला मी पवनीला गेले. स्वयंपाक त्यांचाच होता. भात मी दोनदा घेतला आणि मग हात धुवायचं निमित्त करून मागं गेले.

मोठ्या कढईत वरणाची फोडणी तडतडत होती. दीर कढईवर वाकला होता, डोळे मिटून, नाक फुगवून. दात पांढरे व्हायला लागले होते. वयनी बाजूला वरणानं भरलेला डाव हातात धरून उभी, केस बोटभर वाढलेले. पंगत वरणासाठी खोळंबली होती, दोन वाढपी हाका मारत होते, घरधनी स्वतः विचारायला आला होता.

"बोला ना गा! झोपले का?"

"थांब वयनी. लसण अजून कच्चा हाय."

जन्मात कोणासाठी न थांबलेली ती बाई हात वर धरून, त्याच्या तोंडाकडे पाहत, मुकाट उभी राहिली.